पुस्तकाचा प्राण कुठल्या पोपटात?

प्रश्न लातूरच्या एका वाचकाचा आहे, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. थोडक्यात असा: 'ड्यून'चे दोन्ही नवे सिनेमे पाहिले, दुसरा तर दोनदा. मग हौसेनं कादंबरी आणली आणि शंभराव्या पानाच्या आसपास गाडी रुतली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चंही तेच झालं. मित्र म्हणतात, पुस्तक नेहमीच सिनेमापेक्षा सरस असतं, तुझंच वाचन कच्चं. तर वाचन खरंच कच्चं आहे का? आधी पुस्तक वाचावं की आधी सिनेमा बघावा? आणि मराठीत या तोडीचं काही आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. नाही. 'ड्यून'ची शंभर पानं इंग्रजीतून स्वतःहून वाचणाऱ्या माणसाचं वाचन कच्चं नसतं. तुमच्या मित्रांपैकी किती जण शंभरापर्यंत पोचलेत, ते एकदा हळूच विचारून बघा. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र जरा वेळ लागेल.

मी पंचवीसेक वर्षं रूपांतरं करतोय. मुख्यतः नभोनाट्यं, थोड्या एकांकिका, आणि वाचनगटासाठी म्हणून केलेले काही अनुवाद. पहिलंच नभोनाट्य एका विज्ञानकथेवर होतं. गोष्ट सांगणारा माणूस हा माणूस नसून यंत्र आहे, हे शेवटच्या परिच्छेदात कळतं, अशी ती कथा. मी मूळ संवादाला कुठेही धक्का लावला नाही. स्वल्पविरामसुद्धा सांभाळले. फक्त ध्वनिमुद्रणाच्या वेळी हौसेनं त्या पात्राच्या आवाजाला किंचित धातूचा नाद दिला. झालं. आमचे निर्माते मुद्रण ऐकून म्हणाले, "अहो, तुम्ही शेवट पहिल्याच मिनिटाला वाजवून टाकलात." कथेतला शब्दन् शब्द जागेवर होता, आणि कथा मेली होती.

आजीच्या गोष्टीतला राक्षस आठवा. कितीही वार करा, मरत नाही, कारण त्याचा प्राण सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. पुस्तकाचंही असंच असतं. राक्षसाचे दात, नखं, शिंगं सगळी हुबेहूब उतरवली आणि पोपट तिकडेच विसरला, तर प्रेक्षकांसमोर नुसतं मढं येतं. म्हणून "सिनेमा पुस्तकाशी किती प्रामाणिक आहे?" या प्रश्नात मला फारसा रस उरलेला नाही. पोपट कुठे होता आणि तो आणला का, एवढंच मी बघतो. कधीकधी जुना पोपट मरू देऊन नवा पाळलेला असतो. तेही चालतं, पोपट जिवंत पाहिजे.

आता 'ड्यून'. फ्रँक हर्बर्टची ही वाळवंटी ग्रहावरची कादंबरी 1965 साली आली. वीसेक प्रकाशकांनी ती परत पाठवली होती आणि अखेर जिनं छापली ती प्रकाशनसंस्था मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखली जायची. प्रकाशकांना काय खटकलं असेल, ते शंभराव्या पानावर अडकलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पुस्तकात घडतं कमी आणि माणसं एकमेकांना जोखतात जास्त. एक पात्र बोलतं, दुसरं मनात म्हणतं, 'हा आवंढा का गिळला यानं?', तिसरं त्या दुसऱ्याकडे बघत असतं. आणि कट कसला, तर पॉल या सरदारपुत्राच्या घरचा डॉक्टर युए फितूर आहे हे लेखक दुसऱ्याच प्रकरणात सांगून मोकळा होतो! सिनेमात ही फितुरी धक्का म्हणून येते. पुस्तकात धक्का नाहीच. युए दर वेळी खोलीत येतो तेव्हा आपल्याला माहीत असतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांना नसतं. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरताना आपण जसं बघतो, तसं हे वाचायचं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर राजकन्या इरुलानच्या ग्रंथातला उतारा असतो, त्यातही पुढचं बरंच फोडलेलं असतं. 'आता काय होणार' या भुकेनं वाचणारा माणूस इथे उपाशी राहतो. तुम्ही तर सिनेमे बघून आलात, म्हणजे ती भूक आधीच भागलेली. पण वाचायची सवय तीच राहिली, म्हणून रुतलात, असा माझा अंदाज.

या पुस्तकाचा पोपट डोक्यांच्या आत आहे. डेव्हिड लिंचनं 1984च्या सिनेमात तो पकडायला सरळ पात्रांचे विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवले. त्यावर हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही, कारण नभोनाट्यात आम्ही तेच करतो आणि तिथे ते खपतं. पडद्यावर मात्र चेहरा समोर असताना वरून कुजबुज आली की चेहऱ्याला कामच उरत नाही. डेनी विलनवनं 2021 आणि 2024च्या सिनेमांत कुजबुज काढून टाकली आणि बोटांच्या खुणा, शांतता आणि लांबच लांब वाळू ठेवली. त्याची खरी करामत चानीच्या, म्हणजे पॉलच्या प्रेयसीच्या पात्रात आहे. पुस्तकात पॉलला स्वतःच्याच नावानं पेटणाऱ्या धर्मयुद्धाची भीती वाटते. ही भीती त्याच्या डोक्यात आहे, पानोपानी आहे, आणि तरी असंख्य वाचकांनी पॉलला नायक मानलं. 1969 सालच्या 'ड्यून मेसाया'त हर्बर्टनं तो गैरसमज पुसायला घेतला. विलनवनं ती भीती पॉलच्या डोक्यातून उचलली आणि चानीच्या तोंडी घातली. पुस्तकातली चानी त्याच्या पाठीशी उभी राहते. सिनेमातली त्याच्यावर विश्वास ठेवते, त्याच्या देवत्वावर नाही, आणि शेवटी सगळे गुडघे टेकत असताना पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. कट्टर चाहते यावर चिडले. मला विचाराल तर इतकं नेमकं रूपांतर मी फार थोडं पाहिलंय. मजकूर बदलला, पण पोपट हर्बर्टचाच.

पुस्तकाच्या शेवटी एक शब्दकोश आहे. तो प्रत्येक शब्दाला उघडू नका, आपल्याला त्याची फारशी गरजही नाही. हर्बर्टनं अरबीतून ढीगभर शब्द उचललेत आणि त्यातले निम्मे आपल्या घरचे आहेत. 'लिसान अल-गैब' हे पॉलचं बिरुद अमेरिकन वाचकाला अगम्य. पण गैब म्हणजे अदृश्य, तेच आपल्या 'गायब'चं मूळ, आणि गहिनीनाथांना गैबी पीर म्हणतात हे तुमच्या बाजूच्या माणसाला ठाऊक असणारच. तर त्या शंभराव्या पानाकडे मी शेवटी येतो, तिथे तुमच्यासाठी एक गोष्ट ठेवलीय.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं निदान वेगळं आहे. ती चालण्याची गोष्ट आहे: फ्रोडो एक घातक अंगठी नष्ट करायला घरून निघतो. त्याला सांभाळणाऱ्या बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यांमध्ये पुस्तकात सतरा वर्षं जातात. सिनेमात तेवढ्या वेळात जादूगार गँडाल्फ फार तर ग्रंथालयात जाऊन येतो. लेखक टॉलकिनला घाई नाही. मुक्काम, जेवण, गाणं, पुन्हा चाल. एखाद्याला वारी गाडीतून दाखवली तर पंढरपूर लवकर येईल, पण वारी झाली असं तो म्हणेल का? गाणी गाळून वाचली तर चालेल का, असं मला वाचनगटात हमखास विचारतात. चालेल. मी स्वतः दुसऱ्या वाचनात वाचली.

पीटर जॅक्सनच्या सिनेमांत (2001 ते 2003) पुस्तकात वाटेत भेटणारा टॉम बॉम्बाडिल नाही याबद्दल लोक गळा काढतात. मला त्याचं काही वाटत नाही, सिनेमाच्या वेगात तो मावलाच नसता. खटकतं ते दुसरंच. पुस्तकात अंगठी नष्ट करून फ्रोडोसह चौघं घरी परततात तेव्हा त्यांचं शायर ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, गिरण्यांचा धूर, गावचेच लोक गुंडांचे मुकादम झालेले. जग वाचवून आलेल्या माणसांना स्वतःची आळी नव्याने सोडवावी लागते. जॅक्सननं हे सगळं वगळलं. सिनेमात ते परततात तेव्हा शायर जसंच्या तसं, हिरवंगार. तिसऱ्या सिनेमाला अकरा ऑस्कर मिळाली, त्यांतलं एकही मी परत मागत नाही. पण तो पोपट जॅक्सननं आणला नाही, एवढं नक्की. म्हणून इथे आधी सिनेमा पाहिला तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचा, आणि पावसाळ्यात वाचा, उन्हाळ्यात जमणार नाही.

'आधी काय' याचं पक्कं उत्तर मी फक्त एका कृतीबद्दल देऊ शकतो. टेड चियांगची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही 1998ची दीर्घकथा, आणि तिच्यावरचा विलनवचाच 'अरायव्हल' (2016). इथे आधी कथा वाचा. वाद नको.

ती आमच्या वाचनगटासाठी मराठीत करायला घेतली तेव्हा पहिल्या पानावरच मी दोन आठवडे अडलो होतो. एक भाषाशास्त्रज्ञ बाई आपल्या मुलीशी बोलतेय. परग्रहावरून आलेल्यांची लिपी शिकता शिकता तिला काळ एकदम, सगळाच्या सगळा दिसायला लागलाय. त्यामुळे ती 'मला आठवतंय' म्हणते आणि पुढे भविष्यकाळ वापरते. नमुन्यादाखल माझंच वाक्य देतो: 'मला आठवतंय, तू सहा वर्षांची असशील आणि रुसून कपाटात जाऊन बसशील.' हे वाक्य मी टंकलेखनाला दिलं, तर परत आलं 'असताना' आणि 'बसायचीस' होऊन. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी माझी चूक प्रेमानं दुरुस्त केली होती! मी पुन्हा 'बसशील' केलं, तर आमच्या गटातल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी लाल शाईनं खूण केली. तेव्हा खात्री पटली की अनुवाद बरोबर आहे. आठवणीला भविष्यकाळ लावला की मराठी कान ठेचकाळतो, आणि त्या ठेचेतच ती कथा आहे.

सिनेमाला क्रियापदं नसतात, मग भविष्यकाळ दाखवायचा कसा? 'अरायव्हल'नं आपल्या सवयीचाच फायदा घेतला. सुरुवातीला आई, मुलगी, मुलीचं आजारपण, मृत्यू. मग आई एकटी, कामावर. आपण न सांगता धरून चालतो की हे आधी घडून गेलं, कारण सिनेमात असं दाखवलं की तो भूतकाळच असतो. हे घडायचं आहे, हे कळतं तेव्हा आपणच ठेचकाळतो. व्याकरणातली ठेच त्यानं संकलनात आणली. ही चोरी मला सुचली असती तर मी वर्षभर मिरवलो असतो.

एक गोष्ट मात्र त्यानं मऊ केली. कथेत मुलगी पंचविसाव्या वर्षी डोंगर चढताना पडून जाते. सिनेमात ती किशोरवयात आजारानं जाते. आजाराला आई काय करणार? पण अपघात टाळता येतो, निदान 'आज जाऊ नकोस' एवढं तरी म्हणता येतं. ते माहीत असून ती का म्हणत नाही, हा कथेचा सगळ्यात टोकदार काटा, आणि तो सिनेमात बोथट झाला. शिवाय कथेतलं भौतिकशास्त्र जवळजवळ सगळं गेलं. तुम्ही अभियांत्रिकीचे, म्हणून सांगतो: पाण्यात शिरताना किरण वाकतो तो कमीत कमी वेळाचा मार्ग धरून, हे फर्माचं तत्त्व तुम्ही परीक्षेसाठी घोकलं असेल. चियांग विचारतो, मग निघण्याआधीच किरणाला मुक्काम माहीत असावा लागतो की काय? सगळी कथा या एका प्रश्नावर उभी आहे.

बाकीच्यांची पटापट. आयझॅक आसिमोव्हची 'फाउंडेशन' पुस्तकं आणि 2021 पासूनची मालिका यांत काहीही आधी घ्या, दोघांचं गोत्रच वेगळं. आसिमोव्हच्या गोष्टीत माणसं खोलीत बसून बोलतात आणि पुढच्या गोष्टीपर्यंत मरून गेलेली असतात, कारण त्याचा मुद्दाच हा की व्यक्ती महत्त्वाची नाही. मालिकेला दर भागात ओळखीचा चेहरा लागतो. म्हणून त्यांनी एकाच सम्राटाच्या प्रतिकृतींचं घराणं शोधून काढलं: एक लहान, एक तरुण, एक म्हातारा, तिघं एकच. पुस्तकात याचा मागमूस नाही आणि मालिकेतला सगळ्यात चांगला भाग तोच. नवा पोपट म्हणालो ना, तो हा. '2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये आधी-नंतर असा प्रश्नच नाही, लेखक क्लार्क आणि दिग्दर्शक कुब्रिक यांनी पुस्तक आणि सिनेमा बरोबरीनं रचले. पुस्तकातलं यान शनीकडे जातं, सिनेमातलं गुरूपर्यंतच, कारण शनीची कडी पडद्यावर मनासारखी उतरेनात. पुढचा भाग लिहिताना क्लार्कनं स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवून सिनेमातला गुरू धरला. लेखकच इतका मोकळा, तर आपण कशाला सोवळं पाळायचं?

सोवळं पाळावं असंही एक ठिकाण आहे. उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'मधला गेड हा जादूगार तांबूस-सावळ्या कातडीचा आहे, आणि त्या जगातली बहुतेक माणसं तशीच आहेत. 1968 साली तिनं हे मुद्दाम केलं होतं. 2004च्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा झाला आणि तिनं जाहीर लेख लिहून झाडाझडती घेतली. दोन वर्षांनी जपानच्या जिब्ली स्टुडिओनं त्याच पुस्तकांवरून अॅनिमेशनपट काढला, त्यातही कथानक पुष्कळ हललं होतं. तेव्हा दिग्दर्शकाला तिनं सांगितलं की हे माझं पुस्तक नाही, तुमचा सिनेमा आहे, आणि चांगला सिनेमा आहे. तक्रारी तिच्या तिथेही होत्या, पण सूर वेगळा. कथानक हलवलेलं तिला सोसलं, गेडचा रंग पुसलेला सोसला नाही. पोपट कुठे होता, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता मराठी. या तोडीचं आहे का? आहे, पण लांबीनं नाही. आपली विज्ञानकथा ही कथाच, कादंबरीच्या अंगानं ती फार फोफावली नाही. जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं!

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचाच. ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आहे, कदाचित परीक्षेपुरती वाचलीही असेल. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात एक इतिहासाचा प्राध्यापक जाऊन पडतो आणि परत येतो. पुरावा म्हणून त्याच्या खिशात बखरीचं एक फाटलेलं पान उरतं. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते, तिळाइतक्या अंतरानं. मला कधी यावर नभोनाट्य करायला मिळालं तर मी युद्ध वाजवणारच नाही, ना तोफा, ना घोडे. एकच आवाज दोन्ही उतारे वाचेल, एका पाठोपाठ एक, त्याच संथ बखरी लयीत. फरक एका वाक्याचा. त्या तिळातच पोपट आहे.

आपल्या बऱ्याच विज्ञानकथांचा दोषही सांगून टाकतो. कुणीतरी शास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवतो आणि दोन पानं विज्ञान समजावतो. नभोनाट्यात तिथे श्रोता उठून दुधाचं पातेलं बघायला जातो. लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर यांच्या चांगल्या कथांत हे होत नाही, त्या मिळवून वाचा. भयाकडे आणि अद्भुताकडे कल असेल तर नारायण धारप. 'तुंबाड'चं (2018) मूळ त्यांच्याच गोष्टीत आहे. धारपांची भाषा अगदी साधी, शेजारच्या काकांनी ओसरीवर बसून सांगावी तशी, आणि भीती त्या साधेपणातून येते. सिनेमानं साधेपणा सोडून न थांबणारा पाऊस घेतला. दोन्ही चालले.

आता ते शंभरावं पान. तुमच्या आवृत्तीप्रमाणे थोडं पुढेमागे, पण तुम्ही जिथे पुस्तक मिटलंत त्याच्या थोडंसंच पुढे एक जेवणावळ आहे. पॉलच्या बापाच्या, ड्यूक लेटोच्या वाड्यावर गावातले सावकार, पाण्याचे व्यापारी, तस्कर जमलेत. वाड्याबाहेर वीस खजुरांची झाडं आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागतं, माणसाला आठ. म्हणजे वीस झाडं शंभर माणसांचं पाणी पितात, आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे कसा बघतो हे पुस्तकात आधी येऊन गेलंय. ही झाडं सिनेमातही आहेत. जेवणावळ नाही. दाराशी पाण्याची पात्रं ठेवलेली असतात. रीत अशी, की पाहुण्यानं हात बुडवायचे, ओंजळी ओंजळी पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्या थारोळ्यात टाकायचा. जेवणं झाली की ते टॉवेल पिळून निघालेलं पाणी दाराबाहेरच्या भिकाऱ्यांना.

2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत असाल. घरातल्या मोठ्यांना विचारा तेव्हा घागरी कुठे आणि किती वाजता लावायचे. मग ते टॉवेलचं पान उघडा, आणि ड्यूक त्या रिवाजाचं काय करतो ते वाचा.